गोगलगाय काकांचं दहा-साठ

शाळेच्या बसमधल्या पोरांनी काकांचं नाव 'गोगलगाय' ठेवलं ते नेमकं कधी, हे आता कोणालाच सांगता येत नाही. ज्यांनी ठेवलं ती पोरं आज स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला येतात आणि फाटकाशी काकांचा विषय निघाला की त्यांच्याही तोंडून तेच नाव निघतं. काकांना त्याचा राग कधी आला नाही. बसच्या मागच्या काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने शिंगं काढलेली गोगलगाय रेखाटून ठेवायचं आणि काका बस धुताना ती काच सगळ्यात शेवटी पुसायचे.

काका हळू चालवायचे म्हणजे किती हळू, तर सायकलवाले त्यांना ओलांडून जायचे आणि जाताना हात करायचे. याचं कारण भित्रेपणा नव्हतं. सकाळच्या फेरीत निम्मी पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असत आणि काकांचा एक नियम होता, तो त्यांना कोणी शिकवला नव्हता. वळणावर झोपलेलं पोर जागं झालं, तर चूक रस्त्याची नाही, खड्ड्याची नाही, समोरून आलेल्या ट्रकचीही नाही, चूक ड्रायव्हरची. हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला. मागच्या बाकावरची कार्टी मात्र झोपणाऱ्यांतली नव्हती. पुढे मोकळा रस्ता दिसला की ती एका सुरात ओरडायची, "काका, दाबा ना!" काका आरशात बघायचे आणि ठरलेलं उत्तर द्यायचे, "दप्तरं सांभाळा."

असा हा माणूस. बायकोला वाटे, याच्या पोटात काही लपलेलं असणं शक्यच नाही. पण होतं.

बसच्या वाटेवर एका वळणावर उजव्या हाताला एक घर होतं आणि त्या घराच्या पोर्चमध्ये एक मोटार उभी असायची. दोनच दारांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली, गर्द हिरवी. लांबलचक नाकाखाली तिचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. घरमालक रविवारी ती बाहेर काढायचे, आणि काकांना तिचा आवाज कधी काळी एका रविवारी रस्त्यात ऐकू आला होता तेवढाच. तो त्यांच्या कानातून गेला नाही. त्या वळणावर काका आधीच हळू असलेली बस आणखी हळू करायचे. डाव्या बाजूच्या खिडक्यांसाठी पोरांची मारामारी व्हायची, आणि कुणाला कळायचं नाही की सगळ्यात चांगली खिडकी पकडून ड्रायव्हरच बसलाय.

काका निवृत्त झाले त्या वर्षी घरमालक वारले. शेवटच्या फेरीला त्या घरच्या बाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्यांची गाडी तुम्ही न्या. आमच्या पोरांना नको आहे. रोज तिच्याकडे बघणारे तुम्ही एकटेच उरलात." काकांनी घरी विचारलं नाही, कुणाचा सल्ला घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते घाई करून बसले.

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा काकू कपडे वाळत घालत होत्या. हातातला ओला टॉवेल तसाच धरून त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गोगलगाय नि पोटात पाय." बस, एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. पण त्या गाडीत काही बसल्या नाहीत. काकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, की हिला गाडी आवडलेली नाही. तो अर्थ चुकीचा होता, पण पुरुषाने आपल्या परीने लावलेले अर्थ बहुतेक तसेच असतात.

आता तेलाकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे झाला.

काकांची थोरली बहीण, अक्का, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात तेलाचा काउंटर सांभाळायची. दुकान तिच्या नवऱ्याचं. पण त्यांचे गुडघे गेल्यापासून ते गल्ल्यावर बसत आणि मागच्या फळ्यांवरचे सगळे डबे अक्काच्या राज्यात होते. अक्काची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "चांगलंसं तेल द्या," की ती डब्याला हात न लावता तीन प्रश्न विचारायची. गाडी रात्री कुठे उभी असते? रोज किती लांब जाते? आणि चालवता कशी?

पहिल्या दोन प्रश्नांना माणसं खरी उत्तरं देतात. तिसऱ्याला देत नाहीत. अक्काचं म्हणणं होतं की माणूस वजन, वय आणि वेग या तीन गोष्टींबद्दल खरं बोलूच शकत नाही. नाकात बोलणारा सज्जन कारकून सांगायचा, "तशी जोरातच असते आपली," आणि ज्याच्या चाकांना जळक्या रबराचा वास यायचा तो पोरगा म्हणायचा, "छे, अगदी शांत." म्हणून अक्का उत्तर ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि काउंटरमागून बाहेर येऊन स्वतः गाडीचे टायर बघायची. टायर खोटं बोलत नाहीत. मग परत येऊन तिला पटेल तो डबा काढायची, आणि कोणी हरकत घेतली तर म्हणायची, "तेल गाडीला नाही देत मी, गाडी चालवणाऱ्याला देते."

डब्यावरचे आकडे ती कुणालाही कंटाळा न करता समजावून सांगायची. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं सकाळी गार इंजिनात तेल लवकर धावतं. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा तापल्यावरचा. तो जितका मोठा, तितकं तेल भयंकर उष्णतेतही पातळ होऊन दगा देत नाही. "कमी-जास्त भारी असं काही नसतं," ती सांगायची. "गार असताना कसं आणि तापल्यावर कसं, एवढंच बघायचं. स्थळ बघताना बघतात तसं."

काका हिरवी गाडी घेऊन दुकानात आले तेव्हा अक्काचा आनंद गगनात मावेना. सगळं आयुष्य ताशी चाळिसाच्या आत काढलेला आपला भाऊ, आणि दारात उभी असलेली ही असली वाघीण. तिने तीन प्रश्न विचारले खरे, पण तोंडभर हसत विचारले.

"गाडी कुठे उभी असते?"

"दारात. उघड्यावर."

"रोज किती लांब?"

"बरीच लांब," काका म्हणाले. आता बरीच म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

"आणि चालवतोस कशी?"

काकांनी गाडीकडे पाहिलं. गल्ल्यावरून मेहुणे चष्म्यावरून बघत होते. शेजारी दोन टॅक्सीवाले उभे होते, आणि त्यातल्या एकाला काकांनी लहानपणी शाळेत नेऊन सोडलेलं होतं. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"वाऱ्यासारखी."

टॅक्सीवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. आणि अक्का त्या दिवशी काउंटरमागून बाहेर आली नाही. गावभरच्या गाड्यांचे टायर बघणाऱ्या बाईने भावाचं फक्त तोंड बघितलं, आणि ते तोंड इतकं फुललेलं होतं की तिला आणखी काही बघावंसं वाटलं नाही. तिने वरच्या फळीवरचा डबा काढला. दहा-डब्ल्यू-साठ. शर्यतीच्या मैदानात तासन्‌तास पिटाळलेल्या इंजिनाला द्यायचं जाड, दमदार तेल. "या गाडीच्या पुस्तकात रोजच्या वापराला पाच-चाळीस सांगितलंय," ती म्हणाली. "पण तू जर वाऱ्यासारखी चालवणार असशील, तर तुला हेच." काकांनी डबा छातीशी धरून नेला.

पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. जित्याची खोड ती. काकांनी गाडी सकाळी मंडईपर्यंत नेली, भाजी घेतली आणि परत आणली. संध्याकाळी वाचनालयापर्यंत नेली, पुस्तक बदललं आणि परत आणली. इंजिन जरा गुरगुरायला लागलं की काका वरचा गिअर टाकून त्याची समजूत काढायचे. वळणावर मागे कोणी झोपलेलं असल्यासारखे वळायचे, आणि त्या गाडीला तर मागची सीटच नव्हती. मंडईच्या रस्त्यावर लोक थांबून गाडीकडे बघायचे आणि ती जाईपर्यंत भरपूर बघून व्हायचं.

थंडी सुरू झाली तशी गाडी कुरकुरू लागली. सकाळी चालू केली की इंजिनाच्या माथ्यावरून टकटक, टकटक असा आवाज यायचा आणि मंडई आली तरी थांबायचा नाही. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा एक छोटा घड्याळवजा मीटर होता. त्याचा काटा पहिल्या दिवसापासून तळाच्या रेघेवर झोपलेला. काकांनी तो बिघडलाय असं ठरवून टाकलं होतं. जुन्या गाडीत एखादी गोष्ट बिघडलेली असायचीच, म्हणून त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पण एका सकाळी तेल किती उरलंय ते बघावं म्हणून त्यांनी इंजिनावरचं तेल ओतायचं झाकण उघडलं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट, मळकट सायीसारखा थर जमलेला दिसला.

गल्लीतल्या मेकॅनिकने त्या झाकणाकडे एकदाच पाहिलं. "तेलात पाणी आलंय," तो म्हणाला. "पाणी नि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं बहुतेक. इंजिन उघडावं लागेल. या गाडीचं इंजिन उघडणारा माणूस इथे नाही, काका. आणि खरं सांगू? असल्या गाड्या असल्या रस्त्यांसाठी नसतात."

शेवटचं वाक्य काकांना जास्त लागलं. त्या रात्री ते जेवले कमी. ज्यांनी ही गाडी जिवापाड सांभाळली त्यांच्या पोर्चमधून आपण ती आणली आणि एका थंडीत तिचं वाटोळं केलं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरांना गाडी आवडली होती. दुरुस्ती मी करून घेईन, असं ते फोनवर म्हणाले होते. रविवारी सकाळी येऊन ते गाडी घेऊन जाणार, असं ठरलं. काकांनी काकूंना हे सांगितलं तेव्हा काकूंनी फक्त विचारलं, "तुम्हाला द्यायचीय का?"

"मला काय करायचीय असली गाडी," काका म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. वर्तमानपत्र कालचं होतं.

शनिवारी सकाळी ते अक्काकडे गेले. तेलाचा एक जादा डबा तिने त्यांच्याकडे देऊन ठेवला होता, तो परत करायचा होता. म्हणजे कारण तेवढंच होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग काउंटरची फळी उचलून ती बाहेर आली आणि रस्त्यावर उकिडवी बसून हिरव्या गाडीच्या टायरवरून तिने हात फिरवला. नव्या टायरच्या कडांना रबराचे बारीक केस असतात. गाडी जरा जोरात वळवली की ते झिजून जातात. काकांनी गाडी घेतल्यावर टायर नवे टाकले होते. ते केस जसेच्या तसे होते. एकूण एक.

अक्का उठून उभी राहिली. "इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी उतरते का रे?"

"नाही. खुणेवरच आहे. एकदाही भरावी लागली नाही."

"धूर पांढरा येतो?"

"नाही."

"मग गॅस्केट गेलं म्हणणाऱ्याला विचार, तेलात पाणी आलं तर ते कुठलं? टाकीतलं तर जिथल्या तिथे आहे." तिने झाकण उघडून त्या पांढऱ्या थरावर बोट फिरवलं आणि पदराला न पुसता खांद्यावरच्या फडक्याला पुसलं. "गरम भाजीच्या डब्याचं झाकण लावलं की आत काय जमतं?"

"वाफेचं पाणी."

"तेच आहे हे. इंजिन जरा गरम होतं न होतं तोच तू बंद करतोस. आतली दमट हवा गार होते, तिचं पाणी होतं आणि तेलाबरोबर घुसळून त्याची ही साय होते. तेल एकदा नीट तापलं की हे पाणी उडून जातं. तुझं कधी तापलंच नाही."

काकांनी झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"मीटरचा काटा कुठपर्यंत जातो?"

"तो बिघडलाय."

"बिघडलेला नाही तो," अक्का म्हणाली. "त्याला उठायचं कारणच मिळालेलं नाही. आणि टकटक होते ती जाड तेलाची. थंडीत ते वर पोचायला वेळ लावतं. मला काय म्हणाला होतास तू? चालवतोस कशी?"

काकांनी चपलेच्या टोकाने जमिनीवरचा खडा सरकवला. "वाऱ्यासारखी."

"वारा पडलाय वाटतं," गल्ल्यावरून मेहुणे म्हणाले.

अक्का एकदम हसली नाही. तिने भावाचा चेहरा पाहिला आणि काउंटरला टेकली. "अरे, चूक तुझी एकट्याची नाही," ती म्हणाली. "मी दुनियेचे टायर बघते. त्या दिवशी तुझे बघायला उठले नाही, कारण मला ते खरं असायला हवं होतं. लहानपणी उतारावर सायकल सोडून दोन्ही हात वर करणारा तू. बस हातात आली आणि तो कुठे गेला ते मला कधी कळलंच नाही. मला वाटलं, आला परत."

मग तिने आत जाऊन पाच-डब्ल्यू-चाळीसचा डबा आणला आणि काकांनी परत केलेल्या दहा-साठच्या शेजारी काउंटरवर ठेवला. "हे घाल, टकटक जाईल. किंवा हे ठेव, पण मग तू बदल. दोन्हींतलं काय ते तू ठरवायचं. पण आज नाही. आज आधी गावाबाहेर जा आणि घाट चढून ये. एक लक्षात ठेव. काटा मधे येईपर्यंत तू जसा आहेस तसाच राहा, गार इंजिनाला पिटाळायचं नसतं. काटा मधे आला की मग मला सांगितलं होतंस तसा हो. इंजिनाला काय झालंय ते घाटमाथ्यावर कळेल. आणि तरी विकावीशी वाटली, तर उद्या खुशाल वीक."

काका घरी आले ते विचार करत. गाडी दारात लावतात तोच त्यांना दिसलं की काकू पायरीवर उभ्या आहेत. डोक्याला रुमाल बांधलेला, पायात चालायचे बूट, काखेत पर्स.

"कुठे निघालीस?"

"घाटात. अक्कांचा फोन आला होता."

"तू? अगं, तुला तर ही गाडी आवडत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"कधी बसली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" काकू म्हणाल्या. काकांनी आठवून पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं. तिला नको असेल असं धरून ते चालले होते, आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी आता सांगितली.

"तू शेजारी असलीस आणि काही झालं तर? मला भीती वाटते."

काकू पायरी उतरून गाडीपाशी आल्या. "इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं जपून नेलीत," त्या म्हणाल्या. "मला एकदा न जपता न्या."

काकांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. काकू आधी पर्स, मग एक पाय, मग स्वतः आणि शेवटी दुसरा पाय अशा हप्त्याहप्त्याने आत पोचल्या. "उठवायला दोन माणसं लागतील," असं त्या म्हणाल्या तेव्हा दोघंही हसले.

गावातून गाडी टकटकत, मंडईच्या चालीने गेली. गावाबाहेरचा मोठा रस्ता लागला, रेल्वेचा पूल मागे पडला, आणि काकांची नजर रस्ता आणि मीटर, रस्ता आणि मीटर अशी येरझाऱ्या घालत राहिली. पेट्रोल पंप ओलांडल्यावर कुठेतरी काटा थरथरला. काकांना वाटलं भास झाला. मग त्याने खरोखरच तळाची रेघ सोडली आणि झोपेतून उठलेल्या पोरासारखा हळूहळू वर येऊ लागला.

"अगं, उठला," काका म्हणाले.

"कोण?"

"काटा."

घाटाच्या पायथ्याशी काटा बरोबर मधे होता. पुढे एक मालट्रक चालला होता आणि त्याच्यामागे राहायची काकांना जन्माची सवय होती. रस्ता लांबवर मोकळा दिसत होता. ओलांडायची परवानगी असल्याची तुटक रेघ होती. वेगमर्यादेची पाटी होती, आणि तिच्यावरचा आकडा काकांनी आजवर फक्त वाचला होता. त्यांचा पाय पेडलवर होता, पण हलत नव्हता. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"अहो, दाबा ना."

काकांनी मान वळवून पाहिलं. काकूंनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती आणि डोळे मागच्या बाकावरच्या पोरांसारखे चमकत होते. काकांनी दोन गिअर खाली टाकले. "दप्तर सांभाळ," ते म्हणाले आणि पाय दाबला.

तो आवाज आला. फार वर्षांपूर्वी एका रविवारी ऐकलेला, आधी भरलेला, मग चढत जाणारा आवाज. ट्रक शेजारी होता तो मागे गेला. काकूंचा रुमाल सुटून मागे पडला आणि त्या मोठ्यांदा हसायला लागल्या, लग्नाआधी हसायच्या तशा, तोंडावर हात न ठेवता. काकांना वाटलं आपण रडतोय, पण तेही हसतच होते. घाटातल्या पहिल्या वळणावर गाडी रुळावर बसल्यासारखी वळली, दुसऱ्यावर काकांनी तिच्यावर आणखी थोडा विश्वास टाकला, आणि तिसऱ्यावर त्यांना आठवलं की उतारावर दोन्ही हात सोडणारा तो पोरगा आपणच होतो. हात त्यांनी सोडले नाहीत, अर्थात. त्यांच्यात तेवढा बसचा ड्रायव्हर शिल्लक होता.

माथ्यावर गाडी उभी करून त्यांनी इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली करून कान दिला. टकटक नव्हती. इंजिन एकसारखं, शांत घुमत होतं. थोड्या वेळाने ते बंद केलं, निवू दिलं आणि फडक्याने झाकण उघडलं. आतली साय बरीचशी गेली होती, उरलेलीही पातळ झाली होती. काकांचा जीव भांड्यात पडला. ते तसेच झाकण हातात घेऊन उभे राहिले.

"काय म्हणतंय?" काकूंनी आतूनच विचारलं. उठायचा खटाटोप त्यांनी केला नव्हता.

"काही झालेलं नाही तिला. धडधाकट आहे."

"मग त्या डॉक्टरांचा नंबर लावून द्या."

काकांनी नंबर लावून फोन दिला. काकूंनी घसा साफ केला. "हां, डॉक्टर. उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाही. हो, नक्की. हो, माहीत आहे शब्द दिला होता, तेवढी माफी असावी. आणि हे बघा, माझी खालची दाढ दुखतेय बरेच दिवस. सोमवारी वेळ आहे का?" वेळ मिळाली. डॉक्टर भले माणूस निघाले.

परतीला उतार होता आणि ऊन मावळतीकडे झुकलं होतं. काकू बोलत होत्या, बोलत होत्या, आणि मग एका वाक्याच्या मध्येच त्यांचं डोकं काचेला टेकलं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचा पाय आपोआप वर आला. मघाशी चढताना जी वळणं गाडीने गर्जत घेतली होती, तीच आता ती दबकत, लोण्यातून सुरी जावी तशी उतरली. मागून आलेल्या एका मालट्रकने त्यांना ओलांडलं आणि जाताना हॉर्न दिला. घाट संपला, पूल आला, मंडई आली. एकाही वळणावर काकू जाग्या झाल्या नाहीत.

सोमवारी दवाखान्यातून निघाल्यावर दोघं अक्काच्या दुकानाशी उतरली. काकूंचा गाल सुजलेला होता, त्यामुळे त्या गाडीतच बसून राहिल्या. काउंटरवर दोन्ही डबे अजून तसेच शेजारी शेजारी होते. अक्काने भावाला पाहिलं आणि एखाद्या परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं सुरुवातीपासून विचारलं.

"गाडी कुठे उभी असते?"

"दारात. उघड्यावर."

"रोज किती लांब जाते?"

"मंडई आणि वाचनालय," काका म्हणाले. "रविवारी घाटात."

"चालवता कशी?"

दुकानात गर्दी होती. तो टॅक्सीवालाही होता. काकांनी बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, काचेआडच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि नीट विचार करून उत्तर दिलं.

"ती झोपली असेल तर हळू. जागी असेल तर ती म्हणेल तशी."

अक्का काउंटरची फळी उचलून बाहेर गेली, गाडीपाशी उकिडवी बसली आणि टायरच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. केस झिजले होते. ती परत आली, दहा-साठचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवून दिला आणि "मंडईला गार, घाटात गरम, दोन्हींना हेच," असं म्हणत पाच-चाळीसचा भावापुढे सरकवला.